पावणेचार फेऱ्यांचा माणूस

पुण्याजवळच्या मांजरी गावात उत्तरेश्वरचं घर कुठं असं विचारलंत, तर चार जण चार दिशा दाखवतील. ‘घंटावाले’ म्हणा, दारापर्यंत आणून सोडतील. वर सल्लाही देतील, की गडबडीत असाल तर आत्ता जाऊ नका. कारण या गृहस्थानं पंधराशे मीटरचा विषय काढला, की पाहुण्याचा चहा गार होतो आणि पाहुण्याला उठता येत नाही.

वय सत्तावन्न. नोकरी साखर संस्थेत, उसाच्या रसाची गोडी मोजायची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या उसाची गोडी मोजून हा माणूस घरी बिनसाखरेचा चहा पितो. मूळचा केज तालुक्यातला. शिकायला पुण्यात आला, विद्यापीठाकडून पंधराशे मीटर धावला आणि आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीत चौथा आला. पहिले तिघं ती शर्यत कधीच विसरले असतील. उत्तरेश्वर मात्र आजही सांगेल, की तिसऱ्या फेरीत बाहेरून कोण होतं, कोणाचं कोपर कोणाला लागलं आणि आपण नेमका कुठं अर्धा सेकंद जास्तीचा विचार केला.

धावणं सुटलं, मैदान सुटलं नाही. परीक्षा देऊन तो पंच झाला. गेली सव्वीस वर्षं जिल्ह्याच्या प्रत्येक स्पर्धेत त्याचं काम ठरलेलं: शेवटच्या रेषेपाशी उभं राहायचं, किती फेऱ्या उरल्या त्याची पाटी फिरवायची आणि सगळ्यांत पुढचा धावपटू शेवटच्या फेरीत शिरला की घंटा वाजवायची. घंटासुद्धा स्वतःची. तुळशीबागेतून आणलेली, चांगली दीड किलो पितळेची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो ती चिंच-मीठ लावून घासतो. बायको प्रियदर्शनी म्हणते, “देव्हाऱ्यातली घंटा काळी ठिक्कर पडलीय, तिच्याकडे बघा जरा. देवाला स्पर्धा नसते म्हणून काय झालं?”

आता तुम्ही म्हणाल, घंटा वाजवण्यात एवढं काय? उत्तरेश्वरसमोर म्हणून बघा.

“शंभर मीटर बघायला बसलात आणि शिंक आली, तर संपली की शर्यत,” तो सांगतो. संस्थेसमोरच्या टपरीवर त्याचं हे भाषण सगळ्यांना पाठ आहे, तरी ऐकतात. “मॅरेथॉन म्हणाल तर मध्ये घरी जाऊन जेवून या, फरक पडत नाही. पण पंधराशे मीटर! पावणेचार फेऱ्या. तेवढ्या वेळात एक चहा उकळतो. आणि तेवढ्यात सगळं होतं बघा. मैत्री होते, दगाफटका होतो, एखादा शहाणा ठरतो, एखाद्याचा पार बाजार उठतो. अजिंक्यपदाची शर्यत असेल तर मग विचारूच नका. तिथं घड्याळाला कोण विचारतंय? तिथं नंबर लागतो. म्हणून सगळे आधी मुद्दाम हळू पळतात. नवख्याला वाटतं, हे काय, बागेत फिरायला आलेत का? अरे बाबा, फिरत नाहीत ते. एकमेकांचा श्वास ऐकतायत. आधी कोण सुटणार? मी सुटलो तर दमेन का? थांबलो तर कोंडला जाईन का? पॅरिसच्या ऑलिंपिकला काय झालं? दोघं नावाजलेले एकमेकांवर डोळा ठेवून बसले आणि तिसराच आतल्या बाजूनं निघून गेला! मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ती शर्यत सोळा वेळा बघितली. सोळाही वेळा मला वाटलं, या खेपेला ते त्याला अडवतील.”

आणि या सगळ्यात घंटा कशासाठी? ती वाजली की नाटक संपतं, खरं काय ते सुरू होतं. दबून पळणाऱ्या पोरी एकदम वाघिणी होतात. उत्तरेश्वरच्या मते संपूर्ण ॲथलेटिक्समध्ये याहून मोठा आवाज नाही, आणि तो आपल्या हातात आहे या गोष्टीची त्याला मस्ती होती. असू दे की! सव्वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता तो.

आणि आता तर त्याच्या मनासारखं घडत होतं. येत्या फेब्रुवारीत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पुण्यात व्हायची होती. जिल्ह्याचे मुख्य पंच गोपाळकृष्ण सर, कोथरूडचे, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी पंचांच्या यादीत उत्तरेश्वरचं नाव घातलं होतं. काम: फेऱ्या आणि घंटा. म्हणजे देशातले सगळ्यांत चांगले धावपटू त्याच्या घंटेवर सुटणार होते. पुढच्या वर्षी नोकरी संपणार, गुडघे आताच कुरकुरतायत, अशी संधी पुन्हा यायची नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पांढरा शर्ट त्यानं शिवून ठेवला होता. संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

त्याआधी डिसेंबरात जिल्हा अजिंक्यपद आलं. मुलींची पंधराशे मीटरची अंतिम शर्यत सकाळी साडेआठला. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार, तिसरीनं घरी जायचं, इतका साधा हिशोब.

नऊ मुली रेषेवर आल्या. त्यांतल्या तिघी लक्षात ठेवा. कोथरूडची मैत्री, डोक्यानं पळणारी, मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबून मगच निघणारी. वाघोलीची नम्रता, अमरावतीकडून बापाच्या कारखान्याच्या नोकरीमागे पुण्यात आलेलं कुटुंब. पोरगी बोलत नाही, नुसती पळते. आणि लोणी काळभोरची शेफाली. सतरा वर्षांची, उसाच्या बांधावर पळून तयार झालेली. तिचे आजोबा गेनबा कुंपणाला धरून उभे होते, डोक्याला पटका, हातात नातीची पाण्याची बाटली.

शेफालीचं एक होतं. ती फेऱ्या मोजत नसे. पळताना आकडे डोक्यात ठेवले की तिचे पाय जड होत. “मी घंटेवर सुटते,” ती म्हणायची, “काकांची घंटा हाय ना!” हे उत्तरेश्वरच्या कानावर आलं होतं आणि त्याला भारी आवडलं होतं.

शर्यत सुटली आणि उत्तरेश्वरच्या अंगावर काटा आला. इतकी हळू! पहिली फेरी तर घोळक्यानं चालल्यासारखी गेली. कोणी पुढं जायलाच तयार नाही. मैदानाबाहेर बक्षीस समारंभासाठी आलेलं ढोलपथक सराव करत होतं, त्या ठेक्यावर नऊ पोरी पळत होत्या जणू. दुसरी फेरी तशीच. शेफाली आत कोंडलेली. पुढं नम्रता, बाजूला मैत्री, मागं सगळ्या. “अगं, बाहेर ये बाहेर,” उत्तरेश्वर दातांत बोलला. पंचानं असं बोलायचं नसतं, पण कोणाला ऐकू जात नव्हतं.

शेवटच्या फेरीला अजून पन्नास मीटर होते, आणि मैत्री सुटली. घंटेच्या आधीच! सगळ्या घंटेची वाट बघत होत्या, आणि हिनं नेमकं तेच ओळखून पन्नास मीटर आधी डाव टाकला. असला डाव उत्तरेश्वरनं उभ्या आयुष्यात जिल्ह्याच्या मैदानावर पाहिला नव्हता. नम्रता क्षणभर गडबडली आणि तिच्यामागे झेपावली. मैत्री त्याच्यासमोरून वाऱ्यासारखी गेली. उत्तरेश्वरच्या डाव्या हातानं सवयीनं पाटी फिरवली. “आई गं, गेली की!” तो ओरडला.

उजवा हात घंटेच्या दोरीवर होता. तो तिथंच राहिला.

पलीकडच्या सरळ रेषेत शेफालीनं मान वळवून घंटेकडे पाहिलं. तेव्हा कुठं उत्तरेश्वरनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आता वाजवावी तर उशिरा वाजवलेली घंटा न वाजवलेल्या घंटेहून वाईट. तोवर शेफालीला कळलं होतं. ती जिवाच्या आकांतानं सुटली, वळणावर चार जणींना मागं टाकलं, नम्रताच्या खांद्यापर्यंत आली. रेषेवर मैत्री पहिली, नम्रता दुसरी, शेफाली छातीभर अंतरानं तिसरी.

ती पडली नाही, रडली नाही. सरळ पंचांच्या टेबलापाशी गेली. “सर, घंटा वाजली नाही.”

गोपाळकृष्ण सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “काय म्हणतेस? उत्तरेश्वर असताना?”

आणि मग जे झालं ते फार विचित्र. टेबलाशी बसलेल्या निकालाच्या बाई म्हणाल्या, “वाजली की, मी ऐकली.” वेळ घेणारे दोघं म्हणाले, “वाजली.” खुद्द मैत्री म्हणाली, “बहुतेक वाजली. माझं लक्ष नव्हतं, मी मोजत होते.” कोणी खोटं बोलत नव्हतं हो! सव्वीस वर्षं ती घंटा इतकी चोख वाजली होती, की त्या दिवशी न वाजताही सगळ्यांना ती ऐकू आली. तिघांच्या मोबाइलवर शर्यत होती, पण त्यात नुसता ढोलांचा दणदणाट.

“बाळ,” सर शेफालीला म्हणाले, “दमल्यावर कानाला दडे बसतात. पाटी फिरवलेली होती. ती बघायची असते.”

“माझी नात खोटं नाय बोलत,” कुंपणापलीकडून गेनबा गरजले.

“आजोबा, खोटं बोलते असं कोण म्हणालं? ऐकू आलं नाही, एवढंच,” सर म्हणाले आणि निकालाच्या कागदावर सही करायला पेन उघडलं.

उत्तरेश्वर पाच पावलांवर उभा होता. त्याला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं. पांढरा शर्ट, फेब्रुवारी, राष्ट्रीय स्पर्धा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. शेफालीनं त्याच्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. ती घरी आता काय सांगायचं याचा विचार करत असावी. उत्तरेश्वरला स्वतःचा राग आला, असा राग की कानशिलं तापली.

“सर, सही थांबवा,” तो म्हणाला. “घंटा वाजली नाही. मी वाजवलीच नाही.”

निकालाच्या बाईंनी कागद मागं ओढून घेतला.

“का?” सरांनी विचारलं.

“मी शर्यत बघत होतो.”

“शर्यत बघत होतात?” सरांचा आवाज एकदम खाली आला. त्यांना ओळखणाऱ्यांना माहीत आहे, तो खाली आला की समजायचं. “तिकीट काढलं होतंत का? नाही, म्हणजे प्रेक्षकांची सोय पलीकडे केलीय आम्ही. इथं रेषेपाशी आम्ही पंच उभे करतो.”

“चूक झाली, सर. माझीच. पाटी फिरवली आणि मैत्रीचा डाव बघत राहिलो. ती कशी सुटली बघितलंत ना तुम्ही?”

“मी पंच आहे, उत्तरेश्वर. मी बघत नाही, मी काम करतो,” सर म्हणाले. पेन बंद झालं. “उद्या सकाळी साडेसातला शर्यत पुन्हा होईल. सगळ्या नऊ जणी. आणि फेब्रुवारीच्या यादीबद्दल आपण बोलायला नको, तुम्हाला कळतंय.”

कळत होतं की! न कळायला काय झालं?

आता मैत्री आली. तिचा चेहरा लालबुंद. “काका, हे बरोबर नाहीये! मी मोजत होते. मला घंटा लागतच नाही. माझी काय चूक? मी आयुष्यातली बेस्ट रेस पळाले आणि तुम्ही म्हणताय ती झालीच नाही?”

उत्तरेश्वरनं डोक्यावरची पंचांची टोपी काढली. “तुझी काहीच चूक नाही, बाळा,” तो म्हणाला. “तुझी शर्यत इतकी भारी होती, की त्यापायीच हे झालं. पण तिला घंटा देणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. तू उद्या परत पळशील, मला माहितीय.”

“अर्थात पळेन,” मैत्री म्हणाली आणि पाय आपटत गेली.

घरी प्रियदर्शनीनं सगळं ऐकून घेतलं. ती भाजी चिरत होती. “म्हणजे शर्टाचे पैसे वाया,” ती म्हणाली. कांदा चिरून झाल्यावर म्हणाली, “गप्प बसला असतात ना, तर मला ते चाललं नसतं. सांगून ठेवते.” उत्तरेश्वरला हायसं वाटलं, पण जेवताना लक्ष नव्हतं. उद्या त्या पोरीनं दुसरी यायलाच हवं, नाही तर सगळंच फुकट, हाच विचार डोक्यात.

दुसऱ्या दिवशी तो सव्वासातलाच मैदानावर होता. पंचांची टोपी घातली नव्हती. घंटा सरांच्या हवाली केली आणि पायऱ्यांवर जाऊन बसला. सव्वीस वर्षांत त्या पायऱ्यांवर तो कधी बसला नव्हता. शेजारी गेनबा येऊन टेकले. काल एवढे गरजलेले आजोबा आज जरा संकोचून होते.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “त्वांड उघडलंसा, लई उपकार झालं.”

“उपकार कसले, आजोबा. माझं काम होतं, ते केलं नाही. म्हणून सांगितलं.”

शर्यत सुटली. आजही हळू. गेनबांना राहवेना. “आरं, पळत का न्हाईत ह्या? ऊस वाळंल तवर!”

“थांबा की आजोबा! बघा, मैत्री आज मागं राहिलीय. काल पुढून सुटली ना, तिला माहितीय की आज सगळ्या तिच्यावर डोळा ठेवून आहेत. नम्रता बाहेरून पळतेय, कोंडलं जायचं नाही तिला. आणि आपली शेफाली, बघा कुठंय? काल आत अडकली होती. आज मोकळ्यात आहे. शिकली की नाही एका दिवसात?”

गेनबा पुढं वाकले. “व्हय की,” ते म्हणाले. “आन् ती निळ्या कपड्याची का ढकलतीया?”

“ढकलत नाही, जागा धरतेय.”

“माझ्या भावानं बांध असाच धरला व्हता,” गेनबा म्हणाले, आणि उत्तरेश्वर इतका जोरात हसला की सरांनी रेषेवरून वळून पाहिलं.

तिसरी फेरी संपत आली. गोपाळकृष्ण सरांनी स्वतः घंटा वाजवली, तीही अशी, की शेजारपाजारच्यांची झोप मोडू नये. “अहो सर, जोरात!” पायऱ्यांवरून उत्तरेश्वर ओरडला. पण शेफालीला तेवढी पुरली. ती सुटली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या पुढं! कालच्या रागानं सुटली असावी. पलीकडच्या सरळ रेषेत तिनं आठ मीटर काढले. गेनबा उभे राहिले, बाटली पायऱ्यांवरून गडगडत गेली. उत्तरेश्वरही उभा, दोन्ही हात हवेत, घसा फाटेस्तोवर ओरडतोय, “चल गं पोरी, चल! मागं बघू नको!” आज त्याच्या हाताला काही काम नव्हतं. सगळी शर्यत त्याची होती, सुरुवातीपासून रेषेपर्यंत.

शेवटचं वळण. नम्रता आली, शेफालीच्या खांद्याला लागली. तिच्यामागून मैत्री. शेफालीनं दोघींना वीस मीटर अडवून धरलं. तिघी एका ओळीत, कोण कुठली कळेना. मग शेफालीचे पाय गेले. नम्रता पहिली. मैत्री दुसरी. शेफाली तिसरी, हातभर मागं.

म्हणजे राज्याला जाणार त्याच दोघी. टेबलाशी कुणीतरी म्हणालंसुद्धा, “एवढा खटाटोप केला कशासाठी?” उत्तरेश्वर खाली बसला. यादीतलं नाव गेलं, मैत्रीचा पहिला नंबर गेला, आणि पोरगी पुन्हा तिसरीच. गेनबांकडे बघायची त्याला हिंमत होईना.

शेफाली पायऱ्या चढून वर आली. घामानं चिंब, ओठ पांढरे पडलेले, एका हातानं कमर धरलेली. आजोबांनी गडगडत गेलेली बाटली उचलून पुढं केली, तिनं अर्धी डोक्यावर ओतली. मग उत्तरेश्वरसमोर उभी राहिली.

“पोरी, माझ्यामुळं...” तो म्हणायला लागला.

“काका, बघितलंत का? कालच्यापेक्षा अकरा सेकंदांनी जोरात पळाले!” ती धापा टाकत म्हणाली. “आणि तरी हरले. नम्रता लईच भारी हाय. मैत्रीपण. मी लवकर सुटले ना? पन्नास मीटर थांबायला पायजे होतं.”

“तीस,” उत्तरेश्वर म्हणाला. “तीस मीटर.”

“पुढच्या वर्षी तीस,” शेफाली म्हणाली. मग आजोबांचा हात धरून ती पायरीवर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. “काल घरी गेले तर घास उतरला नाही, काका. आईनं दोनदा ताट वाढलं. आज जाम भूक लागलीय. इथं मिसळ कुठं चांगली मिळते?”